विलगेहीम-पाहुणे

रिमोटच्या मधल्या बटणावर गुलाबी साखरेचा एक ठिपका वाळून बसला होता — केक खाऊन बोट चाटायचं आणि त्याच बोटाने बटण दाबायचं, ही आनेलीसचीच सवय — आणि वित्स्केला आधी तो ठिपका नखाने खरवडून काढावासा वाटला, टीव्हीचं काय बिघडलंय ते मग. पडद्यावर एक चकती गोल गोल फिरत होती. शोधत आहे… शोधत आहे… मग चकती थांबली आणि त्याच थंड, सभ्य अक्षरांत पुन्हा उमटलं : एकही उपकरण सापडलं नाही.

"काल आमच्याकडे फिल्म मस्त चालली होती की," आनेलीस म्हणाली. आनेलीस म्हणजे धाकट्या भावाची, रूर्डची बायको.

खोलीभर खुर्च्या गोल मांडल्या होत्या. वित्स्केच्या वडिलांचा, म्हणजे हेइतचा, ऐंशीवा वाढदिवस. आल्या आल्या, इथल्या रीतीप्रमाणे, प्रत्येकाने प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं होतं — तुझ्या वडिलांबद्दल, तुमच्या भावाबद्दल, तुझ्या सासऱ्यांबद्दल, शेजाऱ्यांनी तर एकमेकांचंही, शेजाऱ्याबद्दल — पहिली कॉफी आणि केकचा एकेक तुकडा पोटात गेला होता, दुसरी कॉफी ओतून झाली होती, आणि दुसऱ्या कॉफीनंतर फिल्म, असं ठरलेलं होतं. मेमच्या, म्हणजे आईच्या, फोटोंची फिल्म. मेमला जाऊन तीन हिवाळे झाले. 'रूर्ड आणि आनेलीसने किती मेहनतीने बनवली आहे गं,' असं बाउक्ये आत्या दारातच सांगून मोकळी झाली होती, आणि वित्स्के 'हो का' म्हणून स्वयंपाकघरात कप विसळायला निघून गेली होती. आयत्या बिळावर नागोबा. ते सगळे फोटो मी एकेक करून स्कॅनरच्या काचेवर पालथे घातले, त्यांच्या पाठीवरचा डिंक माझ्या नखांत गेला, आणि मेहनत यांची.

आणि आता चाललं नाही तशी हाक आली. वित्स्के, बघ गं जरा. तुमच्या दप्तरखान्यात दिवसभर हेच तर करतेस ना तू.

तिने पाहिलं आणि तिला लगेच कळलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, जोडलेलं : विलगेहीम-पाहुणे. गोलातल्या सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते, आणि ती ओळ कुणीच वाचत नव्हतं.

विलगेहीम हे शेताचं नाव. अंगणाच्या पलीकडे मोठं घर, त्याला लागून गोठा, तिथे रूर्ड. अलीकडे हे दोन खोल्यांचं घर. शेत रूर्डच्या नावावर झालं तेव्हा हेइत आणि मेम इथे राहायला आले. शेत एकालाच मिळतं, तुकडे करायचे नसतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं आणि त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. इंटरनेटची तार मोठ्या घरात येते. तिथल्या एकाच राउटरमधून दोन वाटा निघतात — एक घरच्यांची, एक येणाऱ्या-जाणाऱ्यांची. येणाऱ्याला बातम्या मिळतात, हवामान मिळतं, पण घरात काय काय आहे ते दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर ती वाट वेगळी काढलेली असते. सगळे फोटो ज्यात साठवलेत तो काळा डबा मोठ्या घरात, घरच्यांच्या वाटेवर. हेइतचा टीव्ही इथे, पाहुण्यांच्या वाटेवर. ती चकती मरेपर्यंत फिरत राहिली असती तरी तिला काही सापडलं नसतं. काहीच बिघडलेलं नव्हतं. सगळं सांगितल्याबरहुकूम चाललं होतं.

तिने एप्रनच्या खिशातून फोन काढून चोरून पाहिलं. तिचाही पाहुण्यांतच होता.

म्हणजे ते सगळे फोन… दर रविवारी ती लेउवार्डन शहरातून इथे यायची, डबा उघडायला जायची आणि डबा नसायचाच; मग अंगणापलीकडे फोन लावायचा. रूर्ड, हेइतच्या घरातून डबा दिसत नाही रे. आणि तो, मागे गाईंचा आवाज, घाईत : "आमच्याकडे तर दिसतो." दर वेळी तेच. आमच्याकडे तर दिसतो. जणू न दिसणं हा तिच्या डोळ्यांचा दोष. आणि हेइत आपले एकटे संध्याकाळी रिमोट दाबत बसायचे, आणि फोनवर म्हणायचे, 'मेम गेली गं टीव्हीतून'. तेव्हा रूर्डने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांचं डोकं आता पहिल्यासारखं राहिलं नाही, वित्स्के. मी दाखवलं तेव्हा सगळं होतं तिथे." दाखवलं कुठे? मोठ्या घरात नेऊन. आणि तिनेही मान डोलावली होती.

सांगून टाकावं? दोन बटणं दाबायची आणि रूर्डला पासवर्ड विचारायचा… आत्याचा कप रिकामा व्हायच्या आत मेम पडद्यावर येईल.

नाही. मला काही घाई नाही.

"आधी डबा चालू आहे का ते बघायला हवं," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं, इतका तो गोड होता. "जाऊन बघून ये ना. पुढचा दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

रूर्डने दारात लाकडी जोडे पायात घातले. खिडकीतून तो अंगण ओलांडताना दिसला — एका हाताने टोपी दाबून धरलेली, वाऱ्यात तिरका, वाढदिवसाचा पांढरा शर्ट पाठीवर फुगलेला. दिवा हिरवाच असणार, हे तिला माहीत होतं. तिच्या पोटात काहीतरी उबदार पसरत गेलं, दुसऱ्या कॉफीपेक्षाही उबदार. तिने नखाने बटणावरचा गुलाबी ठिपका काढला आणि बशीच्या कडेला पुसला.

मेम गेली त्या हिवाळ्यात ती रजा टाकून इथेच राहिली होती. मेमचा पलंग याच खिडकीपाशी होता, जिथे आता टीव्ही आहे. मेम एकेक फोटो हातात घ्यायची, डोळ्यांजवळ न्यायची, ही कोण, तो कोण, हा कुठला उन्हाळा, सांगायची, मग वित्स्के तो काचेवर पालथा घालायची आणि निळा उजेड इकडून तिकडे सरकायचा. रूर्ड रोज यायचा. रोज उंबऱ्यापर्यंत. अंगावर गोठ्यातले कपडे, हात मागे. "मी घाण आहे, आत येत नाही. कशी आहे?" असं उंबऱ्यावरून विचारायचा, गाय आजारी असली की ढोरांच्या डॉक्टरला विचारतात तसं, आणि मेम मान वळवून त्याच्याकडे बघेपर्यंत निघूनही गेलेला असायचा. उशी पालटायला मी, रात्री पाणी पाजायला मी. आणि अंत्यविधीला आलेल्या लोकांची कॉफी संपायच्या आत याने डबा काखेत मारला, इथे दमट आहे म्हणून. जमीन मागितली नव्हती मी, गायी मागितल्या नव्हत्या. एवढं एकच होतं.

दार उघडलं, वारा आत आला.

"हिरवा," रूर्ड म्हणाला.

"हिरवा? बरं. स्थिर आहे की लुकलुकतोय?"

"ते… ते नाही बघितलं."

"मग काय बघितलंस?"

तो पुन्हा गेला. बाउक्ये आत्याने कप खाली ठेवला. "अरे, तुझ्या गायीसुद्धा दिवसाला एवढ्या फेऱ्या मारत नाहीत!" ती ओरडली, आणि गोल हसला. शेजारचा योरित म्हणाला, "त्यापेक्षा डबाच उचलून आण की बाबा," तर आनेलीसने मान हलवली, "तसं नाही लागत तो टीव्हीला." लाल होत होती ती. मानेपासून वर, हळूहळू. वित्स्के ते बघत राहिली. हिला मी कधी वाईट शब्द बोलले नाही. ही तिकडची, पश्चिमेच्या हॉलंडकडची, आमच्या बोलीची नाही; सासऱ्याला सरळ 'तू' म्हणते. आम्ही जन्मभर 'हेइतना कॉफी हवी का', 'हेइत थकले का' असं बोललो, तोंडावर 'तुम्ही'सुद्धा म्हटलं नाही कधी. आणि हेइतना हिचं ते 'तू' आवडतं. माझ्यादेखत आवडतं.

हेइत त्यांच्या खुर्चीत होते. गुडघ्यावर बशी, बशीत केकचा अर्धा तुकडा तसाच. त्यांच्या नजरेच्या मधोमध आता एक काळा खड्डा आहे. समोर धरलेलं काही दिसत नाही, दिसतं ते कडेकडेचं. म्हणून जे बघायचं त्याच्यापासून ते तोंड फिरवतात, कोंबडी दाण्याकडे बघते तसे, एका बाजूने. टीव्हीसाठी त्यांनी खुर्ची जवळजवळ भिंतीकडे वळवून घेतली होती. डॉक्टर म्हणाले होते, कडासुद्धा जातील. यंदाच्या हिवाळ्यापर्यंत कदाचित. एवढा मोठा पडदा त्यासाठीच आणलेला.

हे तिला आत्ता आठवलं. पण आठवूनही हात हलला नाही.

रूर्ड आला तेव्हा ती त्याला गाठायला पडवीत गेली. तो वाकून जोडे काढत होता, कपाळावर घाम, मोज्याला चिखल.

"स्थिर," तो धापा टाकत म्हणाला. "एकदम स्थिर."

"रूर्ड, ते 'विलगेहीम-पाहुणे' काय आहे?"

"ते होय? दूध काढायचा रोबोट बसवला ना, तेव्हा तो माणूस म्हणाला, कामाचं वेगळं ठेवा. गाईंच्या गळ्यातले पट्टे, रोबोट, माझा संगणक, सगळं एका बाजूला. बाकी येणारे-जाणारे दुसऱ्या बाजूला. मग या घराला ते दुसरं दिलं." त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मेमचे, पाणीदार, त्यांत लपवलेलं काही नव्हतं. "का गं? त्याचा काही संबंध आहे का?"

म्हणजे गायी घरच्या, आणि हेइत पाहुणे! गळ्यात पट्टा बांधलेली एकूण एक गाय त्या घराला दिसते, नावानिशी, किती प्याली, किती चालली — आणि बाप दिसत नाही. ती थोबाडीत मारल्यासारखी उभी राहिली. आणि त्याहून वाईट हे, की याने ते मुद्दाम केलेलं नव्हतं. तीन हिवाळे मी ज्याला पाण्यात पाहिलं त्याच्या मनात काही नव्हतंच. अरे, निदान द्वेष तरी केला असतास. द्वेष करायला माणूस आठवावा तरी लागतो. तुला आम्ही आठवलोच नाही. तुला एक पेटी दिसली, तिच्यात दोन कप्पे दिसले, आणि आम्हाला तू उरलेल्या कप्प्यात टाकलंस.

"नाही," ती म्हणाली. "काही संबंध नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आता हे मागे घेता येणार नाही.

"राउटर बंद करून चालू करावा लागेल," ती पुढे म्हणाली. "नीट थांबून. घाई करायची नाही."

"राउटर? अगं, रोबोट बंद पडेल. गायी अडतील दारात."

"अडू देत."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. आता हा नाही म्हणेल, तिला वाटलं, आणि नाही म्हणाला तर गोलात जाऊन काय सांगायचं तेही तिने ठरवलं — गाई थांबवायच्या नाहीत त्याला, हेइतसाठीसुद्धा. पण त्याने जोडे पुन्हा पायात घातले. "हेइतसाठी," तो स्वतःशीच पुटपुटला, आणि गेला. थोड्या वेळाने गोठ्याकडून एक गाय हंबरली, मग दुसरी, आणि मग सगळ्याच. खोलीतल्या शेतकऱ्यांनी एकदम माना तिकडे वळवल्या. अडलेल्या गाईचा आवाज त्यांना लगेच कळतो.

ती दारापाशी उभी राहिली. ऊब आता राहिली नव्हती, नुसतीच धग होती. अजून एक फेरी, तिने ठरवलं, आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं : टीव्ही पाहुण्यांत टाकलाय यांनी. हेइतना. स्वतःच्या अंगणात. शब्द तयार होते, तीन रविवार काय, तीन हिवाळे घासून ठेवल्यासारखे.

तेवढ्यात आनेलीस हेइतच्या खुर्चीच्या हातावर बसली, त्यांच्या खांद्यावर हात टाकून. "खरं सांग हं," ती लाडाने म्हणाली, "तूच काहीतरी दाबलंस ना पुन्हा? मागच्या आठवड्यासारखं?"

हेइतनी बशीतला केक काट्याने थोडा सरकवला.

"दाबलं असेल," ते म्हणाले. "मीच दाबलं असेल काहीतरी. माझं डोकं आता… रूर्डला सांगा, धावू नको. म्हाताऱ्याची चूक."

गोलातून एक मऊ आवाज आला, अगं बाई गं, अशासारखा, आणि आत्याने लांब हात करून त्यांचा गुडघा थोपटला. चोर सोडून संन्याशाला फाशी. वित्स्केने तोंड उघडलं. हीच ती वेळ होती. एक वाक्य, हेइत सुटतील आणि रूर्ड अडकेल, दोन्ही एकदम. टीव्ही पाहुण्यांत आहे. बस. — मग आत्या विचारेल, तुला कधी कळलं हे? आणि त्या बिचाऱ्याला अंगणात कशाला पळवलंस? गाई कशाला अडवल्यास? आणि रूर्ड म्हणेल, मी विचारलं होतं तुला, पडवीत, तोंडावर विचारलं होतं… तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ते बंद करणं भाग होतं.

"हेइतनी काही केलेलं नाही," एवढंच ती म्हणाली. पण ते इतक्या हळू आलं की समजूत काढल्यासारखं वाटलं, आणि सगळ्यांनी ते समजूत म्हणूनच घेतलं.

रूर्ड परत आला. चकती फिरली, थांबली, एकही उपकरण सापडलं नाही. तो खोलीच्या मध्यभागी उभा होता, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि त्याने दोन्ही हात पसरले. हे बघायला तर ती थांबली होती. दिसलं. आणि दिसल्यावर त्याचं काय करायचं ते तिला सुचेना.

"चला," तो म्हणाला, "सगळेच आमच्याकडे चला. तिकडे चालते. हेइतना मी उचलून नेतो."

"मी नाही येत," हेइत म्हणाले. आवाज एकदम पूर्वीचा, बाजारात वासराचा भाव ठरवतानाचा. "माझा वाढदिवस, माझं घर. माझ्याच वाढदिवसाला मी दुसऱ्याकडे पाहुणा जाऊ?"

रिमोट तिच्या हातात होता, अंगठ्याखाली ते मधलं बटण, आता स्वच्छ.

"वित्स्के," हेइत म्हणाले. "तू सांग. तूच काढलेस ना ते यंत्रातून, एकेक. मेमने तुला सगळं सांगितलंय. पहिला कुठला आहे?"

"पहिला बर्फावरचा लावलाय मी," रूर्ड म्हणाला. तो खोलीच्या मधून मागे सरकत सरकत दारापर्यंत गेला होता, आणि तिथेच थांबला. मोज्यांना चिखल, हात मागे. उंबऱ्यावर. "खुर्चीचा."

खुर्चीचा. एवढ्या शेकड्यांतून याने तोच पहिला का लावावा? तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने डोळे मिटले आणि फोटो आला, चकती नाही, शोधणं नाही.

"गोठ्यामागचा कालवा आहे," तिने सुरुवात केली. "गोठलेला. काठाच्या लव्हाळ्यांवर बर्फ आहे. मेम मागे उभी आहे, लाल टोपी — फोटोत ती काळी दिसते, पण लाल होती, ती स्वतः म्हणाली. तिच्या पायांत बर्फावर सरकायचे जोडे आहेत, हेइतनीच बांधून दिलेले. ती हसतेय, कारण हेइतचा पाय घसरलाय फोटो काढताना." हेइत हसले, घशातल्या घशात. "आणि पुढे मी. स्वयंपाकघरातली खुर्ची घेतली आहे, तोल राहावा म्हणून, आणि ती ढकलतेय. तोंडातून वाफ निघतेय…"

ती थांबली. गोल ऐकत होता. दारातला ऐकत होता. फोटोत आणखी एक आहे, हे या खोलीतल्या घरच्यांना माहीत होतं. आणि ती त्याचं नाव घेणार नव्हती. याला आम्ही आठवलो नाही ना? मग मलाही हा आठवत नाही. किती सोपं होतं. कुठलंही बटण न दाबता, नुसतं गप्प राहून. पोटातली ती ऊब परत येऊ लागली.

"एवढंच," ती म्हणाली.

"आणि खुर्चीवर?" हेइतनी विचारलं.

तिने डोळे उघडले. हेइतनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं, तिच्यापासून पार दूर, अंगणाकडे, जिथे आता कुणीच नव्हतं. आत्याला वाटलं ते बाहेर बघताहेत, कारण तीही वळून बाहेर बघू लागली. पण वित्स्केला माहीत होतं ते कुठे बघताहेत. कडेच्या त्या उरलेल्या पट्टीत ती होती. तिचा चेहरा, तिचा हात, बटणावर थांबलेला अंगठा. केव्हापासून त्यांचं तोंड असं तिच्यापासून वळलेलं आहे, ते ती आठवू लागली. केक नुसता सरकवत होते तेव्हा? ती पडवीतून आत आली तेव्हा? की त्याही आधी…

गाई हंबरायच्या थांबल्या होत्या.

"खुर्चीवर कोण आहे, वित्स्के?"

ती खुर्ची हलकी नव्हती. हे तिला मेमने सांगितलेलं नव्हतं आणि फोटोतही ते कुठे नव्हतं. ते तिच्या तळव्यांत होतं, आत्ता, रिमोट धरलेल्या आणि न धरलेल्याही. बर्फावर पहिला धक्का देताना खुर्चीचे पाय करकरले होते, खुर्चीवरच्या त्या धाकट्या ओझ्याने मागे न बघता तिची लाकडी पाठ घट्ट धरली होती, आणि दोघांची बोटं एकाच पट्टीवर आली होती — त्याची बाहेरून, माझी आतून. अजून जोरात, वित्स्के, अजून जोरात… तिने ओठ उघडले. नाव तिथेच होतं, जिभेवर, आणि ते इतकं जड होतं की ते पुढे ढकलायला दोन्ही हात लागतील असं तिला वाटलं.